तळाची सहा अक्षरं

गुजरीत, म्हणजे सराफांच्या पेठेत, एका हॉलमार्किंग सेंटरमध्ये मी काम करते. दागिना आला की त्याच्या आतल्या बाजूची खूण भिंगातून वाचायची, दागिना क्ष-किरणांच्या यंत्रात ठेवायचा आणि खूण जे सांगते तेच धातूही सांगतो का ते पडद्यावर बघायचं. जुळलं नाही तर दोघांतलं एक खोटं असतं. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून हेच का, असं घरचे अधूनमधून विचारतात. मला हे काम आवडतं. इथं प्रश्नाला उत्तर असतं.

ताईचे सासरे, जोतीराममामा, मला 'टंचवाली' म्हणायचे. गुजरीत सोन्याच्या शुद्धतेला टंच म्हणतात. संध्याकाळी ते गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर दोन म्हशी घेऊन उभे असत. गिऱ्हाइकासमोर धार काढायची आणि फेसासकट ग्लास हातात द्यायचा, हा तिथला रिवाज. मी कामावरून परतताना दिसले की ते लांबूनच हाक मारत, "ये टंचवाली, घाल यंत्रात. पाणी सापडलं तर म्हस तुझी." पहिल्यांदा मी पैसे काढले तेव्हा त्यांनी ग्लासच मागं घेतला होता. "पैसं पावण्यानं द्यायचं. तू पावणी न्हवंस, घरातली हाईस."

जानेवारीत ताईचा फोन आला. तिला नववा लागला होता. आज्जींचे डबे वाचायला ये, म्हणाली. कसले डबे ते मी विचारलं. ती म्हणाली, "सपना, तू फक्त वाच. हसू नको."

मी हसणार नव्हते. राजनंदिनी माझी सख्खी बहीण, आणि तिची याआधीची दोन्ही बाळं पहिल्या पाच दिवसांत गेली होती. दोन्ही वेळा वजन चांगलं, रडणं चांगलं, दूध ओढणंही चांगलं. दोन्ही वेळचे तपासणीचे कागद मी ओळ न ओळ वाचले होते. कारणाच्या रकान्यात डॉक्टरांनी प्रामाणिकपणे काही लिहिलं नव्हतं.

ताईच्या सासरचं घर शुक्रवार पेठेत, पंचगंगेच्या अंगाला. दुमजली, स्लॅबचं, मागं म्हशींचा गोठा. २०१९च्या पुराची रेघ खालच्या भिंतीवर माझ्या खांद्याइतक्या उंचीला आहे. दोनदा रंग देऊन झाला तरी ती परत उमटते. घरभर पेंडीचा आणि शेणाचा वास असतो. त्या दिवशी मात्र धोंडुबाई आज्जींच्या खोलीत शिरल्यावर वेगळाच वास आला. कोरडा, गोडसर, नुकतंच टोक केलेल्या पेन्सिलीसारखा.

आज्जी म्हणजे जोतीराममामांच्या आई. ऐंशी कधीच ओलांडलेल्या. त्यांची आठवण जागा सोडायला लागली होती. नातवाला, म्हणजे आमच्या उदयसिंह दाजींना, त्या जोतीराम म्हणून हाक मारत आणि जोतीराममामा समोर आले की त्यांच्याकडं नुसतं बघत राहत. पण त्या दिवशी त्या स्वच्छ होत्या. पलंगावर त्यांनी चार लाकडी डबे मांडून ठेवले होते.

सिगारचे डबे. पातळ फळ्या, लहान पितळी खिळे, कडांना चिकटवलेल्या कागदाचे फिके तुकडे. आज्जींचे यजमान ज्ञानू हे ताराबाई पार्कात एका सरदारांच्या बंगल्यावर आचारी होते. साठ सालच्या सुमाराला बंगला बंद झाला तेव्हा त्यांनी रिकामे डबे एकदमच पोत्यात भरून घरी आणले. त्या लाकडाला कीड लागत नाही. घरात मूल जन्मलं की एक डबा काढायचा आणि त्याचं पहिलं टोपरं त्यात ठेवायचं, असं पुढं ठरूनच गेलं. पाचवीच्या रात्री सटवाई बाळाचं नशीब लिहायला येते म्हणून बाकीच्या घरांत पाळण्याखाली कोरा कागद आणि पेन ठेवतात. या घरात डबा पालथा ठेवतात.

"कागूद भिजतो," आज्जी म्हणाल्या. "लाकूड ऱ्हातं."

कोरे उरलेले डबे पुरात वाहून गेले. माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेतले हे चार तेवढे गाळासकट सापडले. आतली टोपरी कुजली होती आणि कुणाचा कोणता हे सांगणाऱ्या चिठ्ठ्यांचा लगदा झाला होता. त्यानंतर ताईची दोन बाळं झाली. दोघांनाही डबा नव्हता.

हे सगळं आज्जी मला सांगत होत्या आणि ताई दारात उभी राहून पोटावर हात फिरवत होती. पुढचं आज्जींनी हळू आवाजात सांगितलं.

"नवा डबा न्हाई तर जुना घ्यायचा. पर त्यो गेलेल्याचा पायजे. सटवी येती, तळ बघती, म्हणती ह्यो तर आदीच नेलाय. माघारी जाती."

डबे चार होते. जिवंत माणसं तीन : जोतीराममामा, त्यांची मुरगूडला दिलेली बहीण आक्का आणि उदयसिंह दाजी. चौथा डबा आज्जींच्या एका मुलाचा, जो काही महिन्यांचा होऊन गेला. तो जोतीराममामांच्या आधीचा की नंतरचा, असं मी विचारलं. आज्जी म्हणाल्या, आधीचा. थोड्या वेळानं म्हणाल्या, पाठचा. मग त्यांनी डोळे मिटून घेतले.

मी एक डबा उलटा केला. तळावर जळका ठसा होता, इंग्रजीत : हवाना, क्यूबा इथं तयार केलेला. त्याच्या खाली जांभळी सहा अक्षरं. बाकीच्या तिन्हींवरही सहाच. पहिली दोन चारही डब्यांवर सारखी, जे आणि एक्स. पुढची चार वेगवेगळी.

हे मला वाचता येईल, असं मी ताईला सांगितलं. मला बरंही वाटलं. भीतीला हात लावता येत नाही, पण खूण वाचता येते.

सिगारचे डबे जमवणारे लोक जगभर आहेत आणि त्यांची संकेतस्थळं माझ्या अपेक्षेपेक्षा काटेकोर निघाली. क्यूबातल्या कारखान्यांनी १९८५पासून पुढची काही वर्षं डब्यांच्या तळाशी सांकेतिक अक्षरं छापली. आधी कारखान्याची अक्षरं, मग चार अक्षरांत महिना आणि साल. आकडे एका शब्दात लपवलेले : निवेलाकूसो. इंग्रजी लिपीत दहा अक्षरं, एकही दुसऱ्यांदा येत नाही. एन म्हणजे एक, आय दोन, व्ही तीन, ई चार, एल पाच, ए सहा, सी सात, यू आठ, एस नऊ आणि ओ म्हणजे शून्य. कुलूप इतकं साधं होतं की मला जरा हसूच आलं.

पहिला डबा : ओ-व्ही-एस-ई. शून्य तीन, नऊ चार. मार्च १९९४. उदयसिंह दाजींचा जन्मदाखला ताईनं काढून दाखवला. मार्च १९९४.

दुसरा : एन-आय-ए-सी. डिसेंबर १९६७. कोयनेचा भूकंप झाला तो महिना. आक्का भूकंपाच्या आठवड्यात जन्मली हे त्या घरात सगळ्यांना पाठ होतं. घर हादरलं म्हणून बाळंतिणीला अंगणात बाजेवर निजवलं होतं.

मी वही बंद केली आणि पाणी प्यायले. डब्यावर डबा कधी बनला ते लिहिलेलं असतं. माणूस कधी जन्मला ते नाही.

शिवाय हिशेब कुठूनच लागत नव्हता. जळक्या ठशाची ती धाटणी साठ सालच्या आसपास बंद झालेली. डबे घरात आले तेही त्याच सुमाराला, सगळे एकदम. संकेताची पद्धत सुरू झाली १९८५ला. म्हणजे सदुसष्टचं अक्षर सदुसष्टमध्ये कुणाला लिहिता येणार नव्हतं, आणि चौऱ्याण्णवचा डबा चौतीस वर्षं आधीच या घरात होता. कारखान्यांच्या कुठल्याही यादीत जे-एक्स नव्हतं. एका जुन्या संग्राहकाला मी फोटो पाठवला. त्यानं कळवलं की असा कारखाना त्याच्या माहितीत नाही, आणि डबा विकायचा आहे का.

कुणीतरी घरातच मागाहून शिक्के मारले असतील, हे एकच स्पष्टीकरण उरत होतं. मी मामांना विचारलं. ते गोठ्यात चंद्रीचे पाय धूत होते. चंद्री म्हणजे त्यांची लाडकी म्हैस.

"उदयच्या पाचवीला डबा मीच ठेवलता पालथा," ते म्हणाले. "तवा तळाला जळकंच हुतं, बाकी कोरं. सकाळी जांभळं दिसलं. आईनं केलं असंल."

"आज्जींना लिहिता येतं?"

"अंगठा करती," ते म्हणाले आणि मोठ्यांदा हसले. ज्ञानू आजोबा त्याआधीच, अठ्ठ्याऐंशीला गेले होते.

मी एक डबा सेंटरला नेला. दुपारी गर्दी नसताना यंत्रात ठेवला. कॅल्शियम, पोटॅशियम, किंचित लोखंड. अक्षरांवर झोत टाकला तरी तेच आणि बाजूच्या कोऱ्या लाकडावर टाकला तरी तेच. यात विचित्र काही नव्हतं. रंग सेंद्रिय असेल तर यंत्राला तो दिसत नाही. मग मी कापसाला स्पिरिट लावून अक्षर पुसून बघितलं. तसला जांभळा रंग लगेच उतरायला हवा. कापूस पांढरा राहिला. मी जोर लावला. कापूस पांढराच.

शेवटी भिंग लावलं. शाई लाकडावर पडली की रेषांवर पसरते, छिद्रांत उतरते. इथं तसं काही झालं नव्हतं. रेषाच जांभळ्या होत्या. झाड वाढलं तेव्हाच त्या तशा वाढल्या असाव्यात, असं दिसत होतं.

मी डबा कापडात गुंडाळून परत नेला आणि यातलं ताईला काही सांगितलं नाही. तिला उत्तर हवं होतं. माझी शंका तिच्या काय कामाची?

राहिले दोन डबे. एन-ओ-ए-एन, ऑक्टोबर १९६१. एन-एन-ए-व्ही, नोव्हेंबर १९६३. यांतला एक जोतीराममामांचा, एक गेलेल्याचा. म्हणजे मामांचं साल कळलं की संपलं.

त्या संध्याकाळी सगळे पुढच्या खोलीत होतो. मामांनी पाकिटातून आधार कार्ड काढलं. १ जून १९६३. यावर दाजी हसले. एक जून ही आमच्या भागातल्या निम्म्या म्हाताऱ्यांची जन्मतारीख आहे. शाळेत नाव घालायला नेलेल्या पोराची तारीख आई-बापाला सांगता आली नाही की मास्तर एक जून लिहून मोकळे होत.

"तारीख मास्तरांची, ते कळलं," मी म्हणाले. "पण साल? साल खरं आहे का, मामा?"

मामांनी कार्ड माझ्या हातातून घेतलं. त्यांनी ताईकडं बघितलं. ती खुर्चीत मागं रेलून बसली होती, दोन्ही हात पोटाखाली धरून. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. मामा तिच्याकडं माझ्या मते गरजेपेक्षा जास्त वेळ बघत राहिले.

"साल खरं हाय," ते म्हणाले.

मग उरलं काय? मामा त्रेसष्टचे, म्हणून एकसष्टचा डबा गेलेल्याचा. मी तो उचलून ताईच्या हातात दिला. तिनं तो छातीशी धरला आणि पहिल्यांदा रडली.

बाळ फेब्रुवारीत झालं. मुलगा. तिसऱ्या दिवशी दोघं घरी आली. पाचवीला मी मुद्दाम गेले नाही. घरी पडून राहिले आणि झोप लागली नाही. सकाळी ताईचा फोन वाजला तेव्हा तो उचलायला मला वेळ लागला.

"दूध पितोय," ती म्हणाली. एवढंच म्हणाली.

मी जाऊन डबा बघितला. पाळण्याखाली, पालथा, आत इवलंसं पांढरं टोपरं. तळावर नवं काही उमटलं नव्हतं. तीच सहा अक्षरं. मला हायसं वाटलं. ताईचा जीव शांत झाला, बाळ ठणठणीत होतं आणि भौतिकशास्त्राला कुठं धक्का लागला नव्हता.

आज्जी पाळण्यात वाकून म्हणाल्या, "जोतीराम उठला का?" त्यावर सगळे हसले. मामाही हसले.

त्यानंतरच्या गोष्टी सुट्या सुट्या घेतल्या तर साध्या आहेत. रेशनच्या दुकानात मामांचा अंगठा यंत्रावर उमटेना. हे पुष्कळ म्हाताऱ्यांचं होतं, धारा काढून काढून बोटं गुळगुळीत होतात. चंद्री त्यांना पान्हा सोडेना. म्हशी लहरी असतात. कट्ट्यावर नेहमीची गिऱ्हाइकं त्यांच्यासमोरून पुढच्या गवळ्याकडं जायला लागली. मी स्वतः बघितलं. रोज येणारे एक पैलवान रिकामा ग्लास घेऊन आले, मामांच्या अंगावरून हात लांबवून त्यांनी खुंटीला अडकवलेलं फडकं घेतलं, हात पुसले आणि निघून गेले.

"माज आलाय लोकांस्नी," मामा म्हणाले. ते मला टंचवाली म्हणाले नाहीत. त्या दिवशी लक्षात आलं नाही, रात्री आलं.

दाजी म्हशी घेऊन कट्ट्यावर जायला लागले. मामा मागून चालत. एकदा मी जेवायला थांबले तेव्हा ताईनं पानं मांडली आणि एक कमी पडलं. ताई असं चुकत नाही. मामांनी मांडणीवरचं ताट घेतलं, स्वतःच वाढून घेतलं आणि उंबऱ्यापाशी बसले. मी ताईकडं बघितलं. ती दाजींना आमटी वाढत होती.

"ताई, मामांना..."

"काय?" ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर खरंच काही नव्हतं. मग तिची नजर उंबऱ्याकडं गेली, थोडी अडखळली, आणि तिनं घाईनं एक भाकरी त्यांच्या ताटात टाकली. दारात आलेल्याला वाढावी तशी.

बारशाच्या आदल्या दिवशी आक्का मुरगूडहून आल्या. साठीच्या, ठसठशीत, चुलीपुढं बसून अख्ख्या घराला ऐकू जाईल असं बोलणाऱ्या. बाळ मांडीवर घेऊन त्या भूकंपाची गोष्ट सांगायला लागल्या. ती मी आधी ऐकली होती, पण तुकड्यांनी.

"आई वली बाळंतीण. भिंती हलाय लागल्या. मला दादानं उचललं आन् अंगणात नेलं. सहा वर्सांचा हुता त्यो."

मी विचारलं, "सहा? चार ना?"

"सहा. पानशेत फुटलं त्या सालचा त्यो. मदला त्येच्या पाठचा, त्यो ऱ्हायला न्हाई. दादाला शाळंत घालाय उशीर झाला, मग मास्तरनं दोन वर्सं कमीच लावली." त्यांनी बाळाची मूठ उघडून बघितली. "मी जन्मलो तवा त्योच एकटा हुता आईजवळ."

पानशेत फुटलं १९६१ला.

मी चप्पल घालून गंगावेशीला गेले. दाजी गिऱ्हाइकांत होते. मामा जरा बाजूला, बंद दुकानाच्या पायरीवर बसले होते. ऊन उतरत होतं. गुळाचा एक ट्रक गेला आणि त्याचा वास मागं राहिला.

मी त्यांच्याशेजारी बसले आणि म्हणाले, "मामा, तुम्ही एकसष्टचे आहात."

ते माझ्याकडं बघत राहिले. मी कोण हे त्यांना आठवावं लागत होतं, ते दिसत होतं. मग चेहरा सैल झाला.

"टंचवाली," ते म्हणाले.

"तुम्हाला माहीत होतं?"

"मास्तरनं लिवलं त्ये दावलं." त्यांनी गुडघ्यावरची धूळ झटकली. "प्वार दूद पितंय नव्हं?"

"पितंय."

"मग झालं की."

मी म्हणाले, डबा बदलते. त्रेसष्टचा तिथं ठेवते, आजच. दाजींच्या हातातल्या धारेचा आवाज येत होता. ते तोच ऐकत होते.

घरी आले तेव्हा पाळण्याच्या खोलीत कुणी नव्हतं. ताई शेजारच्या पलंगावर झोपली होती. बाळ झोपेत ओठ हलवत होतं.

त्रेसष्टचा डबा माझ्या एका हातात होता. मी खाली बसले आणि दुसरा हात पाळण्याखाली घातला.

माझा यावर विश्वास नाही. हे मी स्वतःला शब्दांत सांगितलं. लाकडाचे दोन डबे आहेत. एक उचलायचा, एक ठेवायचा.

एकसष्टचा डबा गरम होता. तापलेला नाही, माणसाच्या कपाळाइतका.

मी तो दोन बोटं सरकवला.

बाळाचे ओठ थांबले.

मी थांबले. श्वास ऐकायचा प्रयत्न केला. माझाच ऐकू येत होता. ताईनं झोपेत कूस बदलली आणि तिचा हात पाळण्याच्या काठावर आला.

मी डबा होता तिथं परत सरकवला.

ओठ पुन्हा हलायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बारसं झालं. फुगे, झेंडूच्या माळा, पेठेतल्या बायका. नाव राजवर्धन ठरलं होतं. पाळण्यामागच्या पडद्यावरची त्याच नावाची थर्मोकोलची अक्षरं मीच गुजरीच्या कोपऱ्यावरून कापून आणली होती. उदयसिंह दाजींना बहीण नाही, म्हणून नाव ठेवायचा मान आक्कांचा. त्या वाकल्या, बाळाच्या कानाशी तोंड नेलं, कुर्र केलं. मग सरळ होऊन त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं नाव सांगितलं.

"जोतीराम."

बायकांनी बाळाच्या नावानं पाळणा म्हणायला सुरुवात केली. कुणी थांबलं नाही. कुणी कुणाकडं बघितलं नाही.

आमच्याकडं आजोबांचं नाव नातवाला ठेवतात. आजोबा असताना मात्र कुणी ठेवत नाही.

मामा आतच होते. धुतलेला सदरा घालून, घुगऱ्यांचं ताट घेऊन बायकांच्या रांगेसमोरून हळूहळू जात होते. ताट पुढं करत, जरा थांबत, पुढं जात. एकही हात वर येत नव्हता.

मी ताईजवळ गेले. "राजवर्धन ठरलं होतं ना?"

"सासऱ्यांचंच ठेवायचं होतं गं," ती म्हणाली. ती सुंदर दिसत होती, कित्येक वर्षांत दिसली नव्हती तशी. "ते असते तर किती नाचले असते."

आज्जी कोपऱ्यात खुर्चीत बसल्या होत्या. त्या एकट्याच मामांकडं बघत होत्या. त्यांचे डोळे वाहत होते आणि का ते त्यांना आठवत नव्हतं.

मामा ताट घेऊन बाहेर गेले. मी मागोमाग गेले.

ते ओट्यावर बसले होते. ताट भरलेलं होतं, वरच्या घुगऱ्या वाळायला लागल्या होत्या. मला बघून ते अंग चोरून बाजूला सरकले आणि त्यांनी मला बसायला जागा करून दिली.

"आत कार्यक्रम हाय वाटतं," ते म्हणाले.

"बारसं आहे."

"व्हय? काय नाव ठेवलं?"

मला सांगायचं नव्हतं. आतून पाळण्याचे शब्द ऐकू येत होते, तेच नाव पुन्हा पुन्हा.

"जोतीराम," मी म्हणाले.

त्यांनी ते नाव ओठांवर एकदा घोळवून बघितलं. मग ताट माझ्यापुढं धरलं.

"ग्वाड नाव हाय," ते म्हणाले. "घ्या की. कुणाचं प्वार म्हणायचं ह्ये, पावणं?"